डावा हात

शिवडीच्या मैदानावर फक्कीच्या रेषा
साडेनऊपर्यंतच टिकतात.
मग क्रिकेटवाले येतात, एकाच मैदानात सात टीम,
आडव्याउभ्या,
आणि खाडीकडून ओल्या चिखलाचा वास.
त्याआधी शाळांची फायनल उरकायची.
मी थर्ड बेसपाशी, निळा शर्ट, इस्त्री घरचीच.
आठवडाभर रक्ताच्या नळ्यांवर लेबलं लावणारी बाई,
रविवारी अंपायर.

सहावी इनिंग. सेकंडवर सिद्रा तुंगेकर,
पायात भावाचे बूट, चवड्याशी कापूस कोंबलेला.
टोला राइटला गेला, पार पिंपळाच्या कठड्यापर्यंत.
सिद्रा सुटली.
थर्डवर जुई खानविलकर, बेसच्या आतल्या कोपऱ्यावर,
ग्लव्ह रिकामा,
चेंडूकडे बघत उभी,
जत्रेत पाळणा बघावा तशी.

खांद्याला खांदा लागला. सिद्रा बाहेरून वळली,
दोन पावलं गेली. फार तर तीन.

मुद्दाम नव्हतं.
नियमाला त्याचं काही पडलेलं नाही.
हातात चेंडू नाही, टोला अडवायला वाकलेली नाही,
आणि धावणारीच्या वाटेत उभी:
एवढं पुरतं.

मी डावा हात काढला.
खांद्याच्या रेषेत, सरळ, मूठ बंद.
शिट्टी नाही, आरडाओरडा नाही, खेळ चालू.
लोकांना हेच कळत नाही.
अडवलेलं दिसलं तर तिथल्या तिथे थांबवा की, म्हणतात.
पण थांबवलं तर धावणारीचीच धाव तुटते.
ती तशीही पोचेल कदाचित.
तिला धावू द्यायचं, आणि हात खाली घ्यायचा नाही.

होमवर धूळ. कॅचरने टॅग लावला, स्वच्छ, पोटरीवर.
पेरेरा सर टोपी उडवून नाचले,
आउट, आउट!
मग कुणीतरी माझ्याकडे पाहिलं.
मी अजून तशीच,
कपडे वाळत घालायच्या काठीसारखी.

डेड बॉल.

आणि आता ती जागा, जिथे मैदान गप्प होतं.
जुई मध्ये नसती, तर?
बाकीचे नियम झालेलं बघतात.
हा एकटा
न झालेलं बघायला सांगतो.
दोन पावलं परत द्यायची, ठीक,
पण दोन पावलं म्हणजे किती?
राइटवरून आलेल्या थ्रोने एक टप्पा जास्त खाल्ला होता.
बुटात कापूस होता.
नियमाच्या पुस्तकात कापूस नाही.

होम, मी म्हटलं. रन दिली.

पेरेरा सर पाच मिनिटं बोलले, त्यांचं कामच ते.
जुई नंतर आली, नाक पुसत.
मॅडम, मी काही केलंच नव्हतं.
नव्हतंस केलं, मी म्हटलं. उभी होतीस.
मग मी उभं कुठे राहायचं?
पुसट होत आलेल्या फक्कीत मी बुटाने रेघ ओढली.
इथे. बेसची एक कड तिला दिसू दे.
चेंडू हातात आला की सगळी जागा तुझी.
टोला तुझ्याकडे आला तरी तुझी, तेव्हा तिने वळायचं.
जुईने त्या रेघेवर पाय ठेवून पाहिला,
काढला, पुन्हा ठेवला.
तेवढ्यात क्रिकेटवाल्यांनी तिथेच स्टंप ठोकला.

सोमवारी नळ्या लावताना
मी सिद्राला पुन्हा धाववते, जुईशिवाय.
कधी आरामात पोचते.
कधी एका बोटाने राहते.
तेव्हा मी लेबल दोनदा वाचते.

खांदा दुखतोय. तरी परवा
कॉरिडॉरमध्ये कुणाचे तरी नातेवाईक
स्ट्रेचरच्या वाटेत फोनवर बोलत उभे होते,
आणि माझा डावा हात आपोआप वर.
वॉर्डबॉय म्हणाला, बाई, कुणाला थांबवताय?
कुणालाच नाही.
तू ने पुढे.
मी फक्त बघून ठेवलंय.